भांडं भरलेलं, पण तोंड दुखतंय



अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचा टाळणं आपल्याला सगळ्यांत सोपं वाटतं. मुक्या जिवाला वेळेवर खायला घातलं की झालं! मला मात्र वाटतं, भांडं भरलेलं असूनही तोंड दुखतंय म्हणून त्याला खाता येत नसेल, तर त्याला उपासच घडतो. त्या दुखण्याचं कारण न शोधणं हेही अन्नपाननिरोधाच्या जवळच जातं.

आमचा मोत्या भांड्यापाशी जायचा, वास घ्यायचा आणि परत फिरायचा. पंजाने गाल घासायचा, लाळ गाळायचा, चावलाच तर एकाच बाजूने. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि "काही दिसत नाही" म्हणाले. घरात सुरू झालं, लाडावलाय, नखरे करतोय. मला ते पटेना. दुसऱ्या दवाखान्यात भूल देऊन दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू सापडला. कुत्र्याला 42 दात असतात आणि त्यांची मुळं हिरडीखाली असतात. ती बॅटरीने कशी दिसणार? कधी टाळूत आडवी काडी अडकते, कधी गाठ असते, कधी मूत्रपिंड बिघडल्यामुळे तोंडात व्रण येतात. म्हणून "काही दिसत नाही" म्हणजे "काही नाही" असं समजू नका.

"दाढ काढणं म्हणजे छेदच की," असं एक मावशी म्हणाल्या. पण इजा करण्याच्या भावाने केलेला छेद वेगळा आणि वेदना थांबवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वेगळी. "त्याचं कर्म तो भोगतोय," असंही ऐकलं. असाता वेदनीयाचा उदय त्याचा असेल, पण त्या वेळी करुणा दाखवायची की पाठ फिरवायची, हे आपल्या हातात आहे.

दोन गोष्टी सांभाळा. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, ती कुत्र्याला घातक ठरू शकते. आणि लाळ गळतेय, गिळता येत नाही असं दिसलं तर, विशेषतः रस्त्यावरच्या कुत्र्याच्या, तोंडात हात घालू नका. रेबीजमध्येही असंच होतं. डॉक्टरांनाच बोलवा.

मोत्या आता भांडं चाटून पुसून ठेवतो. जीवदयेसाठी आपण हौसेने दान देतो. त्यातला थोडा वाटा दारच्या जिवाच्या दातांसाठीही ठेवायला हवा.