ड्रोन केबिनमध्ये की चेक-इनमध्ये? खरा प्रश्न बॅटरीचा आहे

सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो: "लडाखला चाललोय, ड्रोन आणि कॅमेरा विमानात नेता येईल ना? हँडबॅगेत ठेवू की चेक-इनला देऊ?" एका ओळीत उत्तर द्यायचं तर ड्रोन कुठे ठेवायचा हे विमान कंपनी ठरवते, पण त्याच्या सुट्या बॅटऱ्या कायम तुमच्यासोबत केबिनमध्येच असायला हव्यात. यात तडजोड नाही. हे असं का, आणि नियम माहीत असूनही गडबड नेमकी कुठे होते, ते समजून घेऊ.

२०२५मध्ये काय झालं?

२८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं एक विमान हाँगकाँगला निघायच्या तयारीत असताना पेटलं. आतल्या सगळ्या १७६ जणांना बाहेर काढता आलं, पण विमान जळून गेलं. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि एखाद्या पॉवर बँकच्या आतलं इन्सुलेशन निकामी झालं असावं, असा तपासाचा प्राथमिक निष्कर्ष होता.

त्यानंतर नियम भराभर बदलले. दक्षिण कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं. चीनने २८ जूनपासून देशांतर्गत विमानांत प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेल्या पॉवर बँकवर बंदी घातली. एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून माणशी एकच पॉवर बँक, तीही न वापरण्याच्या अटीवर, असा नियम केला. आपल्याकडेही १९ ऑक्टोबरला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, विमान धावपट्टीकडे जात असतानाच एका प्रवाशाच्या पॉवर बँकने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी ती आग लगेच विझवली आणि कुणाला इजा झाली नाही.

बातम्या सगळ्या पॉवर बँकच्या आहेत. पण ड्रोनची बॅटरी आणि कॅमेऱ्याची बॅटरी आतून तीच लिथियम-आयन असते. त्यामुळे हा विषय फोटोग्राफर मंडळींचाही आहे.

आग लागणारी वस्तू माणसांजवळ का ठेवायची?

पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. धोकादायक वस्तू खाली सामानात का नको?

लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडला की तो स्वतःच तापत जातो, मग शेजारचा सेल तापतो आणि अशी साखळी सुरू होते. याला थर्मल रनअवे म्हणतात. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेलं तापणं थांबवू शकत नाही. त्यासाठी बॅटरी थंड करावी लागते, म्हणजे तिच्यावर पाणी ओतावं लागतं. हे काम केबिनमधला माणूस करू शकतो. खाली बंद बॅगेत काय चाललंय हे उडत्या विमानात कुणाला दिसतही नाही.

३ सप्टेंबर २०१०ला दुबईजवळ यूपीएस कंपनीचं मालवाहू विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता आणि आग तिथूनच पसरली होती. १ एप्रिल २०१६पासून तर प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायलाच आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

एमएएच विसरा, वॉट-अवर बघा

नियम वॉट-अवरमध्ये लिहिलेला आहे, कारण बॅटरीत किती ऊर्जा साठली आहे हे त्यातूनच कळतं. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या केबिनमध्ये चालतात. १०० ते १६० वॉट-अवर असेल तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन नेता येतात. १६०च्या वर असेल तर प्रवासी सामानात अजिबात नाही.

हिशोब सोपा आहे: एमएएचला १०००ने भागा आणि व्होल्टने गुणा. आता गंमत बघा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टची, म्हणजे ७४ वॉट-अवर. डीजेआय मॅव्हिक ३ची बॅटरी फक्त ५,००० एमएएचची, पण १५.४ व्होल्टची, म्हणजे ७७ वॉट-अवर! आकडा चौपट लहान, ऊर्जा मात्र थोडी जास्तच. "माझी बॅटरी तर पाचच हजारांची आहे" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

बाकी नेहमीच्या वस्तू मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. डीजेआय मिनी ४ प्रोची साधी बॅटरी सुमारे १९ वॉट-अवरची, सोनीच्या कॅमेऱ्यांची एनपी-एफझेड१०० ही १६.४ची. शूटिंगच्या मोठ्या लाइट्सना लागणाऱ्या व्ही-माउंट बॅटऱ्यांवर ९८ किंवा ९९ हा आकडा सारखा दिसतो, तो योगायोग नाही. कंपन्या ही १०० ची रेघ समोर ठेवूनच त्या बनवतात.

गडबड होते ती सात किलोंवर

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर हँडबॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते. एका साध्या किटचं वजन मांडून बघू. सोनी ए७ फोर सुमारे ६६० ग्रॅम, २४-७० लेन्स ७०० ग्रॅम, ७०-२०० लेन्स १,०५० ग्रॅम. मिनी ४ प्रो, दोन जादा बॅटऱ्या आणि स्क्रीनवाला रिमोट मिळून सव्वाआठशे ग्रॅम. कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या पावणेदोनशे ग्रॅम. लॅपटॉप दीड-पावणेदोन किलो, आणि बरी पॅडिंगवाली कॅमेरा बॅग स्वतःच दोन किलो. झाले सात किलो. चार्जर, पॉवर बँक आणि पाण्याची बाटली अजून यायचीच आहे.

म्हणजे एक नियम सांगतो बॅटऱ्या वर ठेवा आणि दुसरा नियम बॅग खाली ढकलतो. काउंटरवर बॅग देताना पॉवर बँक आहे का, हे बहुतेक वेळा विचारतात. खरा धोका बोर्डिंग गेटवर आहे. विमान भरलेलं असतं, वरचे कप्पे पुरत नाहीत, तुमच्या बॅगेला टॅग लागतो आणि ती खाली जाते. अशा वेळी सुट्या बॅटऱ्या काढून घेणं बंधनकारक आहे, पण मागे रांग असताना हा प्रश्न सहज राहून जातो. ज्या चार-पाच बॅटऱ्या नियमाने वर असायला हव्यात, त्या सगळ्या एकदम सामानकक्षात पोहोचतात. तेही कुणाचा वाईट हेतू नसताना.

माझ्या मते सुधारणेची सर्वात जास्त गरज इथे आहे. पॉवर बँकवर नवनवीन बंदी घालण्यापेक्षा गेटवर टॅग लावताना "आत सुट्या बॅटऱ्या आहेत का?" हा एक प्रश्न सक्तीचा केला तर जास्त फायदा होईल. त्याला पैसे लागत नाहीत.

तोपर्यंत आपण काय करायचं? सगळ्या सुट्या बॅटऱ्या एका छोट्या पाउचमध्ये, बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. बॅग गेली तरी पाउच हातात राहील. प्रत्येक बॅटरीच्या धातूच्या टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा, म्हणजे चावी-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही. ड्रोनच्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून नेऊ नका, ३० ते ५० टक्के पुरे. फुगलेली बॅटरी घरीच ठेवा, ती कुठल्याच बॅगेत चालत नाही. ट्रायपॉड चेक-इनला द्या, सुरक्षा तपासणीतली हुज्जत वाचेल. काही कंपन्या ड्रोन केबिनमध्ये घेतच नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच त्यांच्या वेबसाइटवरचा नियम वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. सीआयएसएफचा जवान, एअरलाइनचा काउंटर आणि गेटवरचा कर्मचारी हे तिघं तुमची बॅग तीन वेगळ्या कारणांसाठी बघतात. एकाने सोडलं म्हणजे दुसरा सोडेलच असं नाही.

परदेशातून ड्रोन आणताय?

हा वेगळाच मामला आहे. "दादा अमेरिकेहून लग्नाला येतोय, त्याला ड्रोन आणायला सांगू?" सांगू नका. ९ फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच सूट आहे, तीही मंजुरीनंतर. दादाचं लग्नाचं शूटिंग त्यात बसत नाही. ड्रोन कस्टम्सला अडकला तर बॅटरी किती वॉट-अवरची आहे हे कुणी विचारणारही नाही.

उलट दिशेने, इथला ड्रोन किंवा महाग कॅमेरा घेऊन बाहेर जाणार असाल तर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना वस्तू आपलीच होती हे दाखवता येतं. आणि जिथे चाललाय त्या देशाचा नियमही बघा. मोरोक्कोसारख्या देशात पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच काढून घेतात.

शेवटी एक लक्षात ठेवा: ड्रोन विमानातून नेता आला म्हणजे तो उतरल्यावर उडवता येईल असं नाही. उडवण्यासाठी ड्रोन नियम २०२१ आणि तिथल्या हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा लागतो. लेहसारख्या ठिकाणी, जिथे विमानतळ आणि लष्कर दोन्ही शेजारी आहेत, तिथे तर आधी नकाशा उघडा आणि मग ड्रोन बॅगेत भरायचा की नाही ते ठरवा. कदाचित सव्वाआठशे ग्रॅम वाचतील.