अकरा पाठ

हेलन केलर यांचे नाव निघाले की अ‍ॅन सलिव्हन यांचे नाव आपसूक येते. सारा फुलर मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत. 1869 साली बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. सर्वसाधारण शाळांत शिकवून आलेल्या फुलर तिच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि 1910 पर्यंत त्या पदावर राहिल्या. वसतिगृहाची सोय नव्हती. मुले संध्याकाळी आपापल्या घरी परतत. दूरध्वनीकर्ते ग्रॅहम बेल 1871 मध्ये उच्चारशास्त्र शिकवायला आले ते याच शाळेत.

नॉर्वेतील एक कर्णबधिर व अंध मुलगी बोलू लागल्याचे कळताच हेलनने हट्टच धरला. मार्च 1890 मध्ये सलिव्हन तिला फुलर यांच्याकडे घेऊन आल्या. हेलनला दहावे वर्ष चालू होते. फुलर यांनी तिचा हात आपल्या चेहऱ्यावर ठेवला. जीभ कुठे टेकते, ओठ कसे मिटतात, हे तिला बोटांनी चाचपू दिले. तासाभरात सहा ध्वनी उमटले. त्यांत ‘म’ आणि ‘प’ होते, यात नवल नाही. ओठांची मिटणी बोटांना चटकन कळते. असे एकंदर पाठ झाले अकरा.

पुढची कहाणी मात्र कष्टांची आहे. आपण बोलताना स्वतःचे उच्चार कानाने नकळत सुधारत असतो. हेलनला ते दार बंद होते. वर्षानुवर्षे सराव करूनही तिचे बोलणे परक्यांना नीट कळत नसे आणि ही खंत तिला कायम राहिली. पण भाषा तिला त्याआधीच, तळहातावर बोटांनी लिहिलेल्या अक्षरांतून मिळालेली होती. म्हणून वाचेच्या हट्टापायी मुलाच्या हातांच्या खुणा बंद करणारे पालक पाहिले की मला वाईट वाटते.

फुलर यांचा एक आग्रह मात्र आजही तंतोतंत खरा आहे: शाळेचे वय होईपर्यंत थांबू नये. श्रवणचाचणी बाळ महिन्याचे होण्याच्या आत, निदान तीन महिन्यांत आणि उपचार सहा महिन्यांत सुरू व्हावेत, असा आजचा दंडक आहे. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ या समजुतीत आपल्याकडे ते महिने निघून जातात. थाळी वाजवून घरी घेतलेली परीक्षाही फसवी. बाळ आवाजाने नव्हे, हलणाऱ्या हाताच्या सावलीनेही दचकते.