शस्त्रक्रियेचा उपवास आणि घरचे पथ्य

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांच्या सासूबाईंची गेल्या वर्षी पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. ‘रात्री बारानंतर काही घ्यायचे नाही’ अशी सूचना होती. सासूबाईंनी मात्र धसका घेऊन आदल्या संध्याकाळी सातपासूनच अन्नपाणी सोडले. सकाळी नऊची वेळ ठरली होती. पण आधीची एक शस्त्रक्रिया लांबली आणि त्यांना आत नेईपर्यंत दुपारचे दोन वाजले. एकोणीस तास पाण्याचा थेंब नाही! ओठ सुकले, डोके ठणकू लागले आणि सुई टोचण्यासाठी शीरही सापडेना. पुढे घरी आल्यावर तीन आठवडे त्यांना केवळ भाताच्या पेजेवर ठेवण्यात आले. कारण वरणाने आणि दह्याने जखम चिघळते, असे शेजारणीने बजावले होते. सासूबाई उठून हिंडूफिरू लागण्यास दोन महिने गेले. आता ह्याच भगिनींच्या यजमानांची हर्नियाची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांनी व्हायची आहे. “ह्या वेळी मी काय करावे?” असे त्या विचारतात.

प्रश्न एका घरचा दिसला तरी तो घरोघरचा आहे. शस्त्र चालविणे हे शल्यचिकित्सकाचे काम; परंतु रुग्ण टेबलावर कोणत्या स्थितीत जातो आणि जखम भरून येताना शरीराच्या हाती कोणती सामग्री असते, हे पुष्कळ अंशी घरच्या स्वयंपाकघरात ठरते. म्हणून आज ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

उपवास कशासाठी?

आपल्या प्राचीन सुश्रुतसंहितेत ह्या बाबतीत मोठा विवेक दिसतो. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला इष्ट ते भोजन द्यावे, म्हणजे तो मूर्च्छित होणार नाही, असे तीत सांगितले आहे. पण मूतखडा, मूळव्याध, उदर, मुखरोग अशा काही व्याधींत मात्र शस्त्रकर्म रिकाम्या पोटीच करावे, असाही दंडक आहे. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती. १८४६ साली बॉस्टन येथे ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि शस्त्रक्रियेचे युग पालटले. त्याबरोबर उपवासाचे कारणही पालटले.

पूर्ण भूल दिली म्हणजे माणसाची गिळण्याची आणि खोकण्याची स्वाभाविक शक्ती तात्पुरती लोपते. अशा वेळी पोटातील अन्न किंवा आम्ल वर आले, तर ते श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांत उतरू शकते. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ प्रसूतींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ६६ स्त्रियांच्या बाबतीत असे घडलेले आढळले, आणि दोघी घन अन्नाने गुदमरून दगावल्या. ह्या पाहणीनंतर ‘मध्यरात्रीनंतर काहीही नाही’ हा नियम जगभर दृढ झाला. नियमामागचा हेतू निःसंशय चांगला होता; पण त्यात अन्न आणि पाणी एकाच मापाने मोजले गेले.

निरोगी जठरातून पाणी फार लवकर पुढे सरकते. १९८६ साली कॅनडातील भूलतज्ज्ञांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या सुमारे अडीच तास आधी १५० मिलिलिटर पाणी पाजून पाहिले. त्यांच्या जठरात अधिक द्रव साठलेला आढळला नाही. पुढे अशाच अनेक अभ्यासांतून आजचा नियम तयार झाला. तो थोडक्यात असा :

तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण आठ तास आधी संपवावे. हलके खाणे आणि गाईम्हशीचे वा डब्याचे दूध सहा तास आधी. तान्ह्या बाळास आईचे दूध चार तास आधी. आणि पाणी किंवा स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालते. स्वच्छ द्रव म्हणजे ज्यातून आरपार दिसते असा : साखरपाणी, गाळलेले लिंबाचे सरबत, बिनदुधाचा चहा, चोथा नसलेला फळांचा रस. ताक, दूध, दुधाचा चहा आणि पेज ह्यांत बसत नाहीत. दूध जठरात गेल्यावर त्याचे दही बनते आणि ते घन अन्नासारखेच रेंगाळते, हे गृहिणींना वेगळे सांगावयास नको.

मात्र हा नियम सर्वांना सरसकट लागू नाही. गरोदर स्त्रिया, फार स्थूल व्यक्ती, छातीत वारंवार जळजळणारे, आतड्यांत अडथळा असलेले आणि मधुमेही ह्यांचे जठर उशिरा रिकामे होऊ शकते. मधुमेहाच्या व वजन घटविण्याच्या काही नव्या औषधांनीही हा वेळ लांबतो. म्हणून घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी भूलतज्ज्ञाच्या हाती द्यावी. कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाची आणि कोणती थांबवावयाची, हे त्यांनाच विचारावे. त्यांचा शब्द अखेरचा समजावा.

आणखी एक कळकळीची विनंती. पहाटे रुग्णाचा जीव कासावीस झालेला पाहून मायेचे माणूस हळूच अर्धा कप दुधाचा चहा पाजते आणि कोणाला सांगत नाही. ही माया जिवावर बेतू शकते. चुकून काही दिले गेलेच, तर तत्काळ सांगावे. शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल, एवढेच. लपविल्यास काय होऊ शकते, ते वर सांगितलेच आहे.

आधीचे आठवडे

तातडीची शस्त्रक्रिया वेळ देत नाही. पण ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेला बहुधा काही आठवडे मिळतात. ते वाया दवडू नयेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराचे डॉ. हायरम स्टडले यांनी १९३६ साली जठरव्रणाच्या रुग्णांची पाहणी केली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन एकपंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी सुमारे प्रत्येक तिसरा रुग्ण दगावला. इतरांत हे प्रमाण शंभरात तीन-चार एवढेच होते. ही गोष्ट प्रतिजैविक औषधांच्या आधीची असली, तरी तिचा बोध शिळा झालेला नाही. रुग्णाचे कपडे सैल होऊ लागले असतील, बांगड्या कोपरापर्यंत चढत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तशीच गोष्ट रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेत रक्त जाते. आधीच कमी असलेले अधिक कमी होते. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी वेळेवर करावी आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या नेमाने घ्याव्यात. जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. उलट पानात लिंबाची फोड असली तर ते अधिक लागते.

सलाइन म्हणजे जेवण नव्हे

‘चार बाटल्या चढल्या आहेत, आता खाण्याची काय गरज?’ हे वाक्य रुग्णालयात आपण ऐकले असेल. सलाइनच्या एक लिटर बाटलीत पाणी आणि नऊ ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या लिटरभर बाटलीत पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम दोन पोळ्यांएवढी शक्ती. प्रथिने दोहोंतही मुळीच नसतात. तहान भागविणे आणि रक्ताभिसरण सांभाळणे हे ह्या बाटल्यांचे काम. पोषण हे त्यांचे काम नव्हे.

आणि पोषणाची निकड तर ह्याच वेळी वाढलेली असते. ग्लासगोचे संशोधक डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की, मोठी इजा झाली म्हणजे शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते. घरात भिंत बांधावयास विटा नसल्या, तर माणूस जुनी भिंत पाडून विटा काढतो. तसाच हा प्रकार. बाहेरून प्रथिने पुरविली, तर ही मोडतोड आटोक्यात राहते.

पहिला घोट, पहिला घास

पूर्वी आतड्यांची हालचाल सुरू होऊन वारा सरेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवीत. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात ह्या रूढीला आव्हान दिले. वेदना आटोक्यात ठेवाव्यात, रुग्णाला लवकर उठवून चालवावे आणि लवकर खाऊ घालावे, ही त्यांची पद्धत आज पुष्कळ ठिकाणी रुजली आहे. बहुतेक साध्या शस्त्रक्रियांनंतर, पूर्ण शुद्ध आल्यावर, काही तासांतच घोट घोट पाणी सुरू करता येते. नंतर पातळ, मऊ आणि मग नेहमीचे अन्न. पोटाच्या व आतड्यांच्या शस्त्रक्रियेत हा क्रम शल्यचिकित्सक ठरवितात. वारंवार उलटी होणे, पोट फुगून कडक होणे, सहा-आठ तास लघवी न होणे, ही लक्षणे दिसताच खाणे थांबवून त्यांना कळवावे. लघवी फिकट पिवळी असली, तर पाणी पुरेसे जात आहे असे समजावे. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे माप डॉक्टरांकडूनच घ्यावे.

घरी आल्यावर काय? निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. शस्त्रक्रियेनंतर ती १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत लागतात. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७५ ग्रॅम झाली. आकडा मोठा वाटेल. पण हिशेब सोपा आहे. दोन पेले दूध १४, साठ ग्रॅम डाळीचे घट्ट वरण १४, पाच पोळ्या १५, वाटीभर दही ५, मूठभर दाण्यांचे कूट ७ आणि दोन अंडी किंवा साठ ग्रॅम पनीर सुमारे १२, बेरीज ६७! एका वेळी पान भरून वाढू नये. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

आपल्या देशात रुग्णाचे अन्न प्रांतोप्रांती निराळे. कोकण-गोव्यात पेज, गुजरातेत मूग, केरळात कांजी आणि तिच्याबरोबर कडधान्य, बंगालात शिंगी-मागूर माशांचे पातळ कालवण. ही सर्व शहाणपणाची पथ्ये आहेत. चूक होते ती पेजेतून मूग वजा झाला म्हणजे! वरण, दूध, अंडी ह्यांनी पू होतो, हा समज निराधार आहे. पू जंतूंमुळे होतो, आणि जंतूंशी झुंजण्यास प्रथिनेच लागतात. सुश्रुतानेही व्रणाच्या रुग्णाला उडीद, तीळ, नवे धान्य वर्ज्य सांगितले. पण जुन्या तांदळाचा ऊन ऊन भात, स्निग्ध पदार्थ आणि मुगाचे यूष दिले. उपाशी ठेवावयास सांगितले नाही.

आंबटाचे भयही असेच. बॉस्टनचे तरुण शल्यचिकित्सक जॉन क्रँडन यांनी १९३९-४० साली स्वतःवरच प्रयोग केला. ‘क’ जीवनसत्त्व नसलेला आहार ते सहा महिने घेत राहिले. तिसऱ्या महिन्यात अंगावर मुद्दाम केलेली जखम भरून आली. सहाव्या महिन्यात केलेली भरेना. ते जीवनसत्त्व देताच तीही भरू लागली. आवळा, पेरू आणि लिंबू यांत ते विपुल आहे. डॉक्टरांची मनाई नसेल, तर ही फळे रुग्णाच्या पानातून काढू नयेत.

तेव्हा इंदूरच्या भगिनींनी असे करावे. यजमानांना आजपासून पोटभर, सकस जेवण द्यावे. रुग्णालयात जाऊन भूलतज्ज्ञांना दोनच प्रश्न विचारावेत : शेवटचा घास कधी आणि शेवटचा घोट कधी? उत्तर कागदावर लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेची वेळ पुढे ढकलली गेली, तर संकोच न करता पुन्हा विचारावे, “आता पाणी देऊ का?” सासूबाईंसाठी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्या एकोणीस तासांतले पुष्कळसे टळले असते. आणि यजमान घरी आल्यावर शेजारणीचा सल्ला आदराने ऐकावा, पण वरणाची वाटी मात्र भरलेलीच ठेवावी.