ऐंशी वर्षांचा प्लायवूड कारखाना आणि बांधावरचं झाड : लाकूड तुमचं, भाव कुणाचा?

"झाडं लावा, पाच-सहा वर्षांनी प्लायवूडवाले येऊन घेऊन जातील." निलगिरी आणि मलबार नीमची रोपं विकणाऱ्यांचं हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. रोपं घ्यायच्या आधी एका जुन्या कारखान्याचा इतिहास माहीत असलेला बरा.

केरळात कन्नूरजवळ वळपट्टणम नावाचं गाव आहे, नदीच्या काठावर. इंग्रजांच्या काळात त्याला बलियापटम म्हणत. १९४५ साली ए. के. कादरकुट्टी यांनी तिथे वेस्टर्न इंडिया प्लायवूड्स ही कंपनी काढली. जागा विचार करून निवडलेली होती. घाटातल्या जंगलात तोडलेले ओंडके नदीत सोडायचे आणि ते तरंगत खाली यायचे, म्हणून लाकडाचा मोठा व्यापार आधीपासूनच तिथे होता. थोडक्यात, कारखाना लाकडाच्या दारात बांधला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्लायवूड बनतं कसं? ओंडका लेथवर फिरवतात आणि लांब पात्याने सोलतात, शार्पनरमध्ये पेन्सिल सोलते तसा. निघालेले पातळ पापुद्रे वाळवतात, एक उभा एक आडवा असे डिंक लावून रचतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. जुन्या लेथमध्ये ओंडका दोन्ही टोकांना पकडावा लागायचा, त्यामुळे मधला जाड दांडा वाया जायचा. म्हणून कारखान्याला जाडजूड झाडच लागायचं, आणि तसं झाड जंगलातच मिळायचं. आसामातही हेच झालं. तिथले कारखाने आधी चहाच्या पेट्यांसाठी प्लायवूड बनवायचे, लाकूड शेजारच्या जंगलातलं. वनखातं देणार, कारखाना घेणार. शेतकऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

मग जंगल आटलं. केरळने १९८० च्या दशकात नैसर्गिक जंगलातली तोड थांबवली. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सांगितलं, लागणारं लाकूड जंगलातून मागू नका, शेतकऱ्यांकडून पिकवून घ्या. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने आदेश दिला आणि ईशान्य भारतातल्या कितीतरी प्लायवूड गिरण्या बंद पडल्या. मजूर घरी बसले.

कन्नूरचा कारखाना मात्र टिकला. त्याने एकट्या प्लायवूडवर पोट ठेवलं नव्हतं. बारीक लाकडाचा भुगा-तंतू करून दाबलेला हार्डबोर्ड तो करू लागला, ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरतात ते दाबून घट्ट केलेलं लाकूडही. एकाच पिकावर न बसणाऱ्या शेतकऱ्यासारखंच झालं हे. शिवाय केरळात रबराची झाडं होतीच. चीक आटला की पंचवीस-तीस वर्षांनी रबर तोडावंच लागतं. पूर्वी ते लाकूड चुलीत जायचं, आता एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पेरुंबावूरच्या गिरण्या त्यावरच चालतात.

लेथही बदलली. आता टोकं न पकडता रोलरवर फिरवून ओंडका जवळपास शेवटपर्यंत सोलता येतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांची पोसलेली निलगिरी किंवा पॉपलरही चालतं. शेतकरी या धंद्यात आला तो इथे.

आला, पण भाव त्याच्या हातात आला नाही. हरियाणातल्या यमुनानगरचं बघा. उत्तरेत शेतकऱ्यांना पॉपलर लावायला शिकवलं ते आगपेटीच्या विमको कंपनीने, जिचा एक कारखाना आपल्या अंबरनाथला होता. काड्यांसाठी लावलेलं झाड पुढे प्लायवूडकडे गेलं आणि यमुनानगर मोठी बाजारपेठ झाली. सगळ्यांनी एकदम लावलं, तोडणीही एकदम आली. २००० नंतरच्या काही वर्षांत भाव असा पडला की लोकांनी उभं पॉपलर काढून टाकलं. पुढे भाव सावरला, पण ज्यांनी काढलं त्यांचं गेलं. कांद्यासारखंच. फरक एवढाच की कांदा चार महिन्यांत कळतो, झाडाला वर्षं जातात. (पॉपलरला उत्तरेची थंडी लागते, आपल्याकडे कुणी त्याची रोपं विकत असेल तर दारातूनच परत पाठवा.)

झाडाची एक जमेची बाजू आहे. भाव नसला तर उभं ठेवता येतं. मात्र एकदा तोडलं की घाई सुरू होते. ओलं लाकूड नीट सोलतं, वाळलेलं फाटतं. लाकूड वजनावर विकलं जातं आणि दिवसागणिक वजन उतरतं. गिरणी लांब असेल तर भाडंच भाव खाऊन टाकतं. यमुनानगरच्या आसपास पुष्कळ गिरण्या आहेत, एकाने कमी सांगितलं तर ट्रॉली दुसरीकडे वळते. तुमच्या तालुक्यापासून गिरण्या किती लांब आणि किती आहेत, हे रोपवाल्याला आधी विचारा. करारात "त्यावेळचा बाजारभाव" लिहिलंय की आकडा? किती घेराच्या आतलं लाकूड नाकारणार? तोडणी आणि गाडीभाडं कुणाचं? सही करणारी कंपनी गिरणीवाली आहे की नुसती रोपं विकणारी? रोपांचे पैसे आधी जातात, लाकडाचे नंतर येतात.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी भागातल्या रबरवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे केरळच्या लोकांनी आणि त्यांचं पाहून स्थानिकांनी रबर लावलंय. आज सगळं लक्ष चिकाच्या भावावर आहे. चीक आटेल तेव्हा लाकूड पेरुंबावूरपर्यंत न्यायचं की जवळ गिरणी असेल, हे अजून कुणी बोलत नाही. त्यात दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर हायकोर्टाची बंदी आहे. स्वतः लावलेलं रबर तोडायला कोणता कागद लागेल, हे वनपरिक्षेत्र कार्यालयातून आत्ताच लेखी विचारून ठेवता येतं.