विहिरीच्या तळाची जीवसृष्टी

विहीर म्हणजे केवळ पाण्याचा साठा, ही समजूत अपुरी आहे. खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या झऱ्यांतही जीव नांदतात आणि ते प्रथम विहिरीतच माणसाच्या दृष्टीस पडतात.

केरळातील जांभ्याच्या प्रदेशात याचे उत्तम उदाहरण आढळते. कोट्टायम येथील विहिरीतील नेत्रहीन माशाला १९५० साली ‘होराग्लानिस कृष्णाई’ हे शास्त्रीय नाव मिळाले. २०२३ साली त्याच प्रजातीतील आणखी एका जातीची नोंद झाली. हे मासे शोधण्यास ग्रामस्थांचे मोठे साहाय्य झाले. म्हणून तिच्या ‘पॉप्युली’ या नावात लोकांचा गौरव आहे.

भूगर्भात प्रकाश नसल्याने वनस्पती वाढत नाहीत. पावसाच्या पाण्याबरोबर झिरपणारे सेंद्रिय कण व त्यांवर वाढणारे सूक्ष्मजंतू हाच तेथील मुख्य अन्नाधार होय. परंतु ज्या वाटेने अन्न उतरते, त्याच वाटेने विषही उतरते. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुतल्यास अथवा पडक्या विहिरीत कचरा टाकल्यास ते विष गाळण्यास मातीचा थरही आड येत नाही. आणि शेजारच्या विहिरीचे पिण्याचे पाणी बहुधा त्याच झऱ्यांचे असते.

कोकणातही जांभा आहे. तेथील भूजलातील जीवांचा विचार दूर ठेवला, तरी स्वतःच्या आरोग्यासाठी शेतकरी बंधूंनी पंप शेतातच धुवावा, धुवण पिकावर फवारावे व विहिरीस कठडा बांधावा. पडक्या विहिरीत कचरा टाकण्यास ग्रामपंचायतींनी सक्त मनाई करणे अगत्याचे आहे.