साध्या सायकलचा हिशेब



नातवंडांना सायकल घ्यायची म्हटली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "गिअरची ना?" साधी सायकल म्हणजे दूधवाल्याची, असे मुलांच्या मनात बसले आहे. मला मात्र साधी सायकलच मोलाची वाटते. कॉमर्स शिकलेली आहे, म्हणून हिशेबानेच सांगते.

ती स्वस्त का पडते? लुधियानाच्या मुंजाल बंधूंनी आधी सुट्या भागांचा व्यापार केला आणि १९५६ मध्ये हीरो सायकल्स सुरू केली. पुष्कळसे भाग छोट्या कारखान्यांकडून घ्यायचे, एका सायकलवर नफा थोडा ठेवायचा आणि माल भरपूर खपवायचा. १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिचे नाव गिनीज बुकात गेले. शिवाय रचना वर्षानुवर्षे तीच, त्यामुळे पाटणी चौकापासून खेड्यातल्या फाट्यापर्यंत कोणीही पंक्चरवाला ती दुरुस्त करतो. गिअर बिघडले की तोच हात वर करतो.

पण थोड्या नफ्याचा धंदा नाजूक असतो. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन! सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे बरे झाले.

आपल्या जिल्ह्यात या सायकलची खरी गरज शाळेत जाणाऱ्या मुलींना आहे. गावातली शाळा संपली आणि पुढची दूर असली की मुलीचे शिक्षण रस्त्यातच अडते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. तरी सरकारी यादी म्हटली की एखाद्या कागदावाचून कोणीतरी सुटतेच.

तिथे आपण आहोत. पारणे किंवा उद्यापन झाले की आपण प्रभावनेत स्टीलचे डबे वाटतो. ८० रुपयांचा डबा धरला तरी ६० डब्यांचे ४८०० रुपये होतात. ते डबे सगळ्यांच्याच माळ्यावर पडून असतात. तेवढ्या पैशांत थोडी भर घातली की एक साधी लेडीज सायकल येते.

"लोकांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे?" असे काहीजणी म्हणतील. खडीसाखरेची पुडी द्या आणि सायकल कोणत्या शाळेला दिली ते सांगा. अनुमोदनेला डबा लागत नाही.

मुख्याध्यापकांना विचारून यादीतून सुटलेली मुलगी शोधा. सोबत कुलूप आणि पंप द्या. फक्त सायकलवर आपले नाव रंगवू नका. रोज शाळेत जाताना तिने आपले उपकार का वाहावेत?