बुद्धीचा काटा कुणी तपासला?

मोबाईलवर वीस-पंचवीस आकृत्या ओळखाव्यात आणि दहा मिनिटांत आपला बुद्ध्यांक कळावा, अशी सोय आजकाल झाली आहे. वर्ग सुटला की कट्ट्यावर हेच चालते. कुणाला १३४ मिळतात, कुणाला ९१. पहिला तो आकडा दिवसभर मिरवतो. दुसरा हसून वेळ मारून नेतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरावा की नाही, असा विचार त्याच्या मनात येतो. पहिल्याची ऐट चार दिवसांत उतरेल, दुसऱ्याच्या मनातील शंका मात्र तितक्या सहज जाणार नाही. म्हणूनच हा आकडा कितपत विश्वसनीय आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

मुळात बुद्ध्यांक म्हणजे काय? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी पहिली उपयुक्त कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कुणाला वेगळी मदत हवी, हे ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. पुढे मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणण्याची रीत आली. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा भरले, तर बुद्ध्यांक १२५. परंतु हे गणित मोठ्या माणसाला लागू पडत नाही. कारण चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय विशीतल्याच्या दुप्पट नसते. म्हणून आता समवयस्कांशी तुलना करतात. त्यांची सरासरी १०० धरली जाते आणि सुमारे दोन तृतीयांश माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. याचा अर्थ असा की, बुद्ध्यांक हे उंचीसारखे माप नव्हे, ती रांगेतील जागा आहे. मग प्रश्न उरतो, रांग कुणाची?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आपल्याच दोन भाषांत एकदा दिले गेले आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीची मुंबई-कर्नाटक आवृत्ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी सिद्ध केली आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसते भाषांतर करून हे काम भागणारे नव्हते. परदेशी मुलाला सोपा वाटणारा प्रश्न इथल्या मुलाला सोपा जातो का, हे प्रत्यक्ष मुलांना विचारूनच ठरवावे लागते. मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी नांदणाऱ्या या अंकात त्या परिश्रमांची आठवण व्हावी, हे योग्यच आहे.

आपले मलकपेठ कांद्याच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथलाच दाखला घेऊ. एकच पोते दोनदा चढवले आणि काट्याने दोन वेगळी वजने दाखवली, तर काटा विश्वसनीय नाही. दोन्ही वेळा पाच किलो कमीच दाखवले, तर तो विश्वसनीय आहे, पण खरा नाही. म्हणून काट्याची सरकारी तपासणी होते, त्यावर शिक्का बसतो. बुद्धीच्या या मोबाईल-काट्यावर शिक्का कुणाचा? प्रश्न किती जणांवर पडताळले, ते कोणत्या वयाचे, कोणत्या भाषेचे, याचा बहुतेक ठिकाणी पत्ताच नसतो. घरी मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू बोलणाऱ्या मुलीला इंग्रजी शब्दकोडे घातले, तर मोजले जाते ते तिचे इंग्रजी. शेजारी मित्र उत्तरे सुचवत असतो, मध्येच फोन येतो, आणि तीच परीक्षा तिसऱ्यांदा दिली की सरावानेच गुण वाढतात. काही ठिकाणी तर सगळे प्रश्न सोडवल्यानंतर निकालासाठी पैसे मागतात. प्रमाणपत्र विकायचे असेल, तर गिऱ्हाईक खूश राहील असाच आकडा देण्याचा मोह होणार, हे सांगायला पंडित नको.

यात संगणकाचा दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जेईई मेन संगणकावरच होते. पण तिथे केंद्र असते, पर्यवेक्षक असतो आणि वेगवेगळ्या सत्रांतील गुण एका पातळीवर आणण्याची जाहीर पद्धत असते. उलट, छापील कसोटी म्हणजे कायमची खरी, असेही नाही. १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे सरासरी गुण सुमारे १४ ने वाढल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले. जुन्या पिढीच्या रांगेत नव्या पिढीला उभे केले, तर आकडा फुगतो. कामतांच्या कसोटीलाही हा नियम चुकत नाही. काटा पुन्हा पुन्हा तपासावाच लागतो.

'अहो, ही नुसती गंमत आहे,' असे कुणी म्हणेल. गंमत म्हणून कोडी जरूर सोडवावीत. पण त्या आकड्यावर शाखा निवडणे, धाकट्या भावाला 'ढ' ठरवणे, आईवडिलांनी मुलांची तुलना करणे, ही गंमत नव्हे. एखादे मूल खरोखरच अभ्यासात अडत असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जावे. सिकंदराबादेस मनोविकास नगरात बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तेथे जाणकार माणूस मुलासमोर बसतो, त्याच्याशी बोलतो, त्याची भाषा विचारतो. आकडा हा त्या पाहणीचा केवळ एक भाग असतो.

तेव्हा मित्रहो, ९१ मिळाले म्हणून अर्ज फाडू नका. अर्जाची शेवटची तारीख तेवढी बघा आणि अभ्यासाला लागा.